‘आजच व्हॉट्सअ‍ॅप काढून टाका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि मामाकडून. मामाने वर ‘वाच आणि सगळ्यांना सांग’ असं जोडलं होतं. मेसेज हातभर लांब आहे, पण मुद्दे पाचच. व्हॉट्सअ‍ॅप तुमचे मेसेज वाचून जाहिराती दाखवतं. मेसेजपुढे तिसरी टिक आली की समजा सरकारने तो वाचला. टेलिग्राम शंभर टक्के सुरक्षित, म्हणून तर सरकारं त्याच्या मागे लागतात. अरट्टै आपलं आहे, म्हणजे डेटा घरातच. आणि सिग्नल फक्त काहीतरी लपवणाऱ्यांसाठी. (टेलिग्राम, अरट्टै, सिग्नल ही व्हॉट्सअ‍ॅपसारखीच मेसेजची अ‍ॅप.) शेवटी जोडलेले हात आणि ‘आजच व्हॉट्सअ‍ॅप काढून टाका’. हे सगळं अर्थात व्हॉट्सअ‍ॅपवरच.

फोनवर मामाशी अर्धा तास वाद घातला, त्याचं समाधान झालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचतं, हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच चिवट आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचं दोन माणसांमधलं किंवा ग्रुपमधलं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं. मेसेज तुमच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनमध्येच उघडतो. मधला सर्व्हर, म्हणजे कंपनीचा संगणक, बंद पेटी इकडून तिकडे नेतो. गंमत म्हणजे ही कुलपाची पद्धत फेसबुकने शोधलेली नाही. ज्यांनी सिग्नल बनवलं त्यांचीच ती, व्हॉट्सअ‍ॅपने ती घेतली.

मामाचा पुरावा असा होता: ‘अगं, आम्ही मिक्सरबद्दल चॅटवर बोललो आणि संध्याकाळी मिक्सरचीच जाहिरात!’ मी विचारलं, मिक्सर कुठे शोधलात का? मामीने दुपारी दोन खरेदीच्या साइटवर सात मिक्सर बघून ठेवले होते, घरातल्याच वायफायवर. जाहिरातवाल्यांना एवढं पुष्कळ झालं.

पण मामाचा संशय हवेतला नाही, फक्त त्याचं बोट चुकीच्या जागी आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे वही असते. घरात काय बोलणं झालं ते तिच्यात नसतं. कोण कोणाकडे आलं, किती वाजता आलं, किती वेळ थांबलं, हे सगळं असतं. व्हॉट्सअ‍ॅपकडे ही वही आहे: तुमचा नंबर, फोनमधली नंबरांची यादी, कोणाशी कधी बोललात, कुठल्या ग्रुपमध्ये आहात, ग्रुपचं नाव काय, कोणता फोन, कोणता आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक. एखादी बाई महिनाभर रोज कर्करोगाच्या दवाखान्याशी आणि मग एका वकिलाशी बोलत असेल, तर मेसेज वाचायची गरज कोणाला आहे?

आणि वहीचा मालक कोण? फेसबुकने २०१४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सअ‍ॅप घेतलं. जानेवारी २०२१ मध्ये गोपनीयतेचं नवं धोरण ‘मान्य करा’ म्हणून सगळ्यांच्या फोनवर आलं, आठवत असेल. त्या ‘मान्य करा नाहीतर सोडा’ पद्धतीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तेव्हा कंपनीवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाहीये. मेसेज वाचले जातात हे खोटं, वही भरली जाते हे खरं.

कुलपाच्या बाहेरही काही दारं आहेत आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला त्यांतलं एकही माहीत नाही. कोणी तुमची तक्रार, म्हणजे ‘रिपोर्ट’ केली, तर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात. मेटा एआय या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या चॅटबॉटला विचारलेलं मेटापर्यंत पोचतंच, नाहीतर उत्तर कसं येणार. आणि एआयशी झालेलं बोलणं जाहिराती ठरवायला वापरू, असं मेटाने २०२५ मध्ये स्वतःच जाहीर केलं. एखाद्या कंपनीच्या व्यावसायिक खात्याशी बोलताना पलीकडे एक माणूस नसतो, एक कार्यालय असतं.

सगळ्यात मोठं दार मात्र बॅकअपचं. फोन बदलला तरी चॅट परत याव्यात म्हणून आपण गुगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात बॅकअप ठेवतो. वर्षानुवर्षं तो एंड-टू-एंड कुलपाशिवाय जायचा. मेसेज पोचवताना पोलादी पेटी, आणि पोचल्यावर तोच कागद दुसऱ्याच्या कपाटात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत सिनेमावाल्यांच्या अमली पदार्थांच्या तपासात चॅट वाहिन्यांवर झळकत होत्या. तेव्हा ‘व्हॉट्सअ‍ॅप फुटलं’ अशी हाकाटी झाली. चर्चा खरं तर फोनच्या क्लोनची, म्हणजे हुबेहूब नकलेची, आणि बॅकअपची होती. बॅकअपला कुलूप घालायची सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ च्या शेवटी दिली, पण ती आपणहून चालू करावी लागते. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकी किल्ली घ्या. विसरलात तर व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा ती चॅट परत आणू शकत नाही, आणि हेच तर हवंय. शिवाय तुमचा बॅकअप कुलूपबंद आणि समोरच्याचा उघडा असेल, तर तुमचं बोलणं समोरच्याच्या कपाटात उघडंच पडलेलं आहे.

तीन टिकांबद्दल फार लिहीत नाही. एक करडी म्हणजे गेला, दोन करड्या म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. तिसरी नाही. लाल टिकही नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकनेही २०२० मध्ये ही अफवा खोटी ठरवली आहे. कोणावर खरोखरच नजर ठेवायची असेल तर त्याला आधी टिक दाखवून कोण सावध करेल?

नजर ठेवण्याचे खरे प्रकार वेगळे असतात. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधली एक त्रुटी वापरून पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १,४०० जणांच्या फोनवर सोडलं गेलं. त्यात भारतातले पत्रकार, वकील, कार्यकर्ते होते, महाराष्ट्रातलेही. फोनच ताब्यात गेला की अ‍ॅप कोणतंही असो, पडद्यावर जे तुम्हाला दिसतं ते पलीकडच्यालाही दिसतं.

आता टेलिग्राम. इथे फॉरवर्ड सरळसरळ उलटं सांगतो. टेलिग्रामवरची नेहमीची चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसते. मेसेज वाटेत सुरक्षित असतो, सर्व्हरवर कुलपातही असतो, पण किल्ली टेलिग्रामकडे असते. म्हणूनच नव्या फोनवर नुसतं लॉगिन केलं की दहा वर्षांपूर्वीच्या चॅट एका क्षणात समोर येतात. ज्या सोयीचं सगळे कौतुक करतात, तिची किंमत हीच. ‘सीक्रेट चॅट’ नावाची वेगळी सोय आहे, तिथे कुलूप खरं असतं. पण ती दर माणसागणिक मुद्दाम उघडावी लागते आणि ग्रुपला ती मिळतच नाही. किती जण उघडतात? मी माझ्या बॅचच्या ग्रुपवर विचारलं. एकाने ‘म्हणजे काय?’ असं विचारलं, बाकीच्यांनी अंगठा दाखवला. टेलिग्रामचे कॉल मात्र एंड-टू-एंड असतात, हे न्यायाने सांगायला हवं.

‘सरकारं मागे लागतात’ हा युक्तिवादही तपासून बघू. २४ ऑगस्ट २०२४ ला टेलिग्रामचा संस्थापक पावेल दुरोव्ह याला पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर अटक झाली. टेलिग्रामवर चालणाऱ्या गुन्ह्यांबाबत कंपनी तपासाला सहकार्य करत नाही, असा आरोपांचा मुख्य रोख होता. कुलूप फार मजबूत आहे ही तक्रार नव्हती. मागितलेलं दिलं जात नाही ही होती. महिन्याभरात, सप्टेंबरमध्ये, टेलिग्रामने नियम बदलून कायदेशीर मागणी आल्यास नियम मोडणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते देऊ असं जाहीर केलं. भारतात तर त्याच्या दोन वर्षं आधीच, २०२२ मध्ये, एका शिक्षिकेचं अभ्यास साहित्य चोरून फिरवणाऱ्या चॅनेलचालकांची नावं, नंबर आणि आयपी पत्ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टेलिग्रामने दिले होते. ते योग्यच झालं असं मला वाटतं. पण मग ‘टेलिग्राम कोणालाच काही देत नाही’ ही आख्यायिका सोडून द्या.

टेलिग्राम कशासाठी चांगलं? दोन लाख माणसांचा ग्रुप, त्याहून मोठं चॅनेल, नंबर न दाखवता बोलण्याची सोय. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं नोट्ससाठी तिथे असतात ते उगाच नाही. ते जाहीर सभेचं मैदान आहे. घरगुती गोष्टी मैदानात बोलू नयेत एवढंच.

अरट्टैवर लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण मामाला लगेच वाटतं की मी स्वदेशीच्या विरोधात आहे. अरट्टै म्हणजे तमिळमध्ये गप्पा. झोहो या आपल्या कंपनीने ते २०२१ मध्ये आणलं आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस त्याच्यावर लोकांची झुंबड उडाली; तीन दिवसांत रोजची नोंदणी ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली, असं झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी सांगितलं. साध्या फोनवर आणि रडतखडत चालणाऱ्या नेटवरही ते चालतं, हा मोठा गुण. पण नेमक्या त्या लाटेत कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते आणि लिखित मेसेज नव्हते. म्हणजे लोक सुरक्षिततेसाठी ज्या घरातून निघाले, तिथे मेसेजला कुलूप होतं, आणि ज्या घरात गेले तिथे तेव्हा नव्हतं! आज अरट्टै घेणाऱ्याने ती सोय आपल्या चॅटला चालू आहे की नाही, हे आधी बघावं.

‘डेटा देशातच’ याने ही अडचण सुटत नाही. किल्ली कंपनीकडे असेल तर सर्व्हर चेन्नईत असो की अमेरिकेत, ती मागता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आपल्या सरकारला माहिती उकलून मागण्याचा अधिकार देतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. सरकारवर तुमचा पूर्ण विश्वास असेल तर हरकत नाही, पण मग ‘सुरक्षित’ म्हणताना कोणापासून, तेवढं सांगा. आणि एक व्यावहारिक भीती: हाइक मेसेंजर आणि कू हीही आपलीच अ‍ॅप; हाइक जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं, कू जुलै २०२४ मध्ये. अरट्टैमागची कंपनी मोठी आहे, तिचं असं होऊ नये. तरी सगळं गावच एका दिवसात उचलून न्यायची घाई कशाला?

राहिलं सिग्नल. ‘लपवणाऱ्यांचं अ‍ॅप’. मामाच्या पासबुकात लपवण्यासारखं काही नाही, तरी तो ते सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपीय संघाचा कारभार बघणाऱ्या युरोपीय आयोगाने आपल्या कर्मचाऱ्यांना सिग्नल वापरायला सांगितलं. ते काय गुंड आहेत? सिग्नल ना-नफा संस्थेचं आहे. ती उभी राहिली २०१८ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपचाच एक संस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन याने दिलेल्या ५ कोटी डॉलरवर. जाहिराती नाहीत. वॉचमनची वही तर जवळजवळ कोरी. २०१६ मध्ये अमेरिकेत न्यायालयामार्फत माहिती मागितली गेली, तेव्हा सिग्नलकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं.

तरी तेही जादूचं नाही. खातं उघडायला फोन नंबर लागतोच. समोरच्यापासून तो लपवता येतो, २०२४ पासून. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे बडे अधिकारी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलच्या ग्रुपवर करत होते आणि त्यांनी चुकून एका संपादकालाच ग्रुपमध्ये घेतलं. कुलूप शाबूत, दार आतूनच उघडलेलं. आणि सिग्नलची सगळ्यात मोठी उणीव तांत्रिक नाहीच. तिथे मावशी नाही, दूधवाला नाही, शाळेच्या बाई नाहीत.

म्हणून मी काहीच काढून टाकलेलं नाही. घर, सोसायटी, दूधवाला व्हॉट्सअ‍ॅपवर. नोट्स आणि बातम्या टेलिग्रामवर. पैशांचं, आजारपणाचं, बहिणीशी मनातलं बोलणं सिग्नलवर. बहिणीला ते घ्यायला लावायला दोन महिने लागले.

रविवारी मामाकडे जाऊन त्याच्या बॅकअपला कुलूप घालून दिलं. ६४ अंक बघून तो घाबरला, म्हणून पासवर्ड ठेवला. तो त्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवला. मी काही बोलले नाही. त्या कॅलेंडरपर्यंत पोचायचं तर आधी मामीला ओलांडून जावं लागतं.