हान्यूची उडी क्वाड लूप, क्वाड ॲक्सल नव्हे

जपानचा फिगर स्केटर युझुरू हान्यू याच्यावरचा एक मजकूर दर हिवाळ्यात नव्याने फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, दावे तेच. क्वाड ॲक्सल मारणारा जगातला पहिला. 330.43 गुणांचा विश्वविक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. 19 वेळा विश्वविक्रम. लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकणारा इतिहासातला एकमेव पुरुष. सगळी मोठी विजेतेपदं मिळवणारा पहिला स्केटर. आणि दोन्ही सुवर्णं निर्दोष कामगिरीवर. यातला 19 चा आकडा तेवढा बरोबर आहे, तोही मोजायचा कसा हे माहीत असेल तर. बाकीच्यांत कुठे अर्धं खरं, कुठे सरळ चूक.

सुरुवात क्वाड ॲक्सलपासून, कारण सगळ्यात जास्त तोच दावा पुढे पाठवला जातो. टो लूप, सॅलकॉव्ह, लूप, फ्लिप आणि लुत्झ या पाच उड्या पाठमोरं सरकत मारतात. ॲक्सल तेवढी तोंड पुढे ठेवून, हान्यूच्या बाबतीत डाव्या पायातल्या पात्याच्या बाहेरच्या कडेवरून. उतरायचं मात्र इतर उड्यांसारखंच पाठमोरं, उजव्या पायावर. म्हणून अर्धी गिरकी जास्त लागते. क्वाड म्हणजे चार गिरक्यांची उडी, पण क्वाड ॲक्सल म्हणजे साडेचार गिरक्या, आणि हवेत मिळणारा वेळ जेमतेम पाऊण सेकंद.

हान्यूने ही उडी स्पर्धेत दोनदा मारून पाहिली. डिसेंबर 2021 मध्ये सैतामाला, जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत, तो दोन्ही पायांवर उतरला. गिरकी इतकी कमी पडली होती की पंचांनी ती ट्रिपल ॲक्सल धरली. मग 10 फेब्रुवारी 2022, बीजिंग ऑलिम्पिक, फ्री स्केटिंग या दुसऱ्या, मोठ्या फेरीची पहिलीच उडी. तिथे तो पडला. गुणपत्रकातली ती एक ओळ नीट वाचली तर सगळा वाद मिटतो. क्वाड ॲक्सलचे मूळ गुण 12.50. उडीपुढे '<' ही खूण, म्हणजे गिरकी पाव फेरीहून जास्त पण अर्ध्याहून कमी अपुरी. या खुणेला मूळ गुणांचे 80 टक्केच मिळतात, म्हणजे 10.00. पडल्यामुळे दर्जाचे (उडी किती नीट मारली याचे) गुण उणे पाच, आणि त्यातली प्रत्येक पायरी दहा टक्क्यांची. उरले 5.00. शिवाय पडल्याचा एक गुण एकूण बेरजेतून वेगळा वजा. नीट उतरलेल्या ट्रिपल ॲक्सलचे मूळ गुणच 8.00 आहेत, यावरून हिशेब कळावा.

तरीही त्या ओळीला मोल आहे. सैतामासारखी ती ट्रिपलवर उतरवली गेली नाही, पत्रकात क्वाड ॲक्सल म्हणूनच राहिली. 'स्पर्धेत क्वाड ॲक्सल म्हणून ग्राह्य धरलेला पहिला प्रयत्न' असं लिहा, कुणी हरकत घेणार नाही. 'यशस्वी' मात्र लिहू नका. पूर्ण साडेचार गिरक्या घेऊन एका पायावर स्वच्छ उतरला तो अमेरिकेचा इलिया मालिनिन, 14 सप्टेंबर 2022 रोजी लेक प्लॅसिडला. तेव्हा तो 17 वर्षांचा होता.

गंमत अशी की हान्यूच्या नावावर एक खरीखुरी 'पहिली' उडी आहे आणि ती या मजकुरात कधीच नसते. क्वाड लूप, 30 सप्टेंबर 2016, माँट्रियल. लूपला पात्याच्या टोकाचे दात बर्फात रोवून धक्का घेता येत नाही. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर बसल्यासारखं वाकून त्याच पायाने उसळी घ्यायची आणि त्याच पायावर उतरायचं. कड जरा सपाट झाली की उंची जाते, शरीर आधीच फिरलं की आस कलते. आधी कुणाला स्पर्धेत ती मान्य करून घेता आली नव्हती.

आता 330.43. डिसेंबर 2015, बार्सिलोना, ग्रां प्री फायनल: शॉर्ट प्रोग्रॅम (पहिली, छोटी फेरी) 110.95, फ्री 219.48. दोनच आठवड्यांपूर्वी नागानोला त्याने 322.40 केले होते, आणि 300 च्या वर तोवर कुणीच गेलं नव्हतं. कामगिरी अफाट, यात शंका नाही. पण 'मोडता आलेला नाही' म्हणणं म्हणजे बंद झालेल्या दुकानात अजून कुणी उधारी फेडली नाही म्हणून तक्रार करणं. 2018-19 च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने गुणपद्धत बदलली आणि आधीचे सगळे आकडे 'ऐतिहासिक' म्हणून बाजूला काढले. त्या यादीत आता भर पडू शकत नाही.

बदल किरकोळही नव्हते. पुरुषांचं फ्री स्केटिंग साडेचार मिनिटांवरून चारवर आलं, उड्या आठच्या सात झाल्या. दर्जाची मोजणी उणे तीन ते अधिक तीन होती, ती उणे पाच ते अधिक पाच झाली. क्वाड टो लूपचे मूळ गुण 10.3 वरून 9.5 वर आले. पूर्वी कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या प्रत्येक उडीला दहा टक्के वाढीव मिळत, आता शॉर्टमध्ये शेवटच्या एकाच आणि फ्रीमध्ये शेवटच्या तीन. त्याच टो लूपचा कमाल भाव जुन्या हिशेबात 13.3, नव्यात 14.25. उडी तीच, भाव वेगळा. त्यामुळे 330.43 शेजारी नव्या पद्धतीचा आकडा ठेवून मोठा कोण हे ठरवता येत नाही. नव्या पद्धतीत अमेरिकेच्या नेथन चेनने डिसेंबर 2019 मध्ये तुरिनला 335.30 केले. म्हणून 'चेनने हान्यूचा विक्रम मोडला' हे वाक्यही तितकंच चुकीचं.

19 चा आकडा बरोबर, पण तो 19 स्पर्धांचा नव्हे. शॉर्ट, फ्री आणि एकूण हे तीन विक्रम वेगळे धरतात. बार्सिलोनाच्या एकाच स्पर्धेत तीन झाले, नागानोतही तीन. जुन्या पद्धतीत 12, नव्यात 7. विभागून पाहिलं तर शॉर्टचे 10, फ्रीचे 5, एकूण गुणांचे 4, आणि स्पर्धा फक्त 12. नव्या सातांतले काही तर औटघटकेचे. मार्च 2019 मध्ये सैतामाला जागतिक स्पर्धेत त्याने फ्रीला 206.10 आणि एकूण 300.97 करून दोन विक्रम केले. थोड्याच वेळात त्याच बर्फावर चेनने 216.02 आणि 323.42 केले. मोजणीत दोन्ही धरायचेच, नियम तसाच आहे. त्याच वर्षी स्केट कॅनडा स्पर्धेत हान्यूने 322.59 केले, त्याची नव्या पद्धतीतली सर्वोत्तम बेरीज. विक्रम 0.83 ने हुकला.

आणखी एक सापळा: राष्ट्रीय स्पर्धेचे गुण विश्वविक्रमात धरत नाहीत. सैतामाच्या 2021 च्या राष्ट्रीय स्पर्धेतले 322.36 कुणी विक्रमांत घुसवले तर तिथेच थांबवा.

लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णं (सोची 2014, प्याँगचांग 2018) मिळवणारा तो एकमेव नाही. अमेरिकेच्या डिक बटनने 1948 आणि 1952 ला ती मिळवली होती. त्याआधी ऑस्ट्रियाच्या कार्ल शेफरने 1932 आणि 1936 ला. स्वीडनच्या गिलिस ग्राफस्ट्रॉमची तर लागोपाठ तीन आहेत, आणि त्यातलं 1920 चं अँटवर्पच्या उन्हाळी ऑलिम्पिकमधलं, कारण हिवाळी ऑलिम्पिक तेव्हा सुरूच झालं नव्हतं. हान्यूसाठी बरोबर वाक्य 'बटननंतर 66 वर्षांनी पहिला' असं होतं.

'सगळी विजेतेपदं मिळवणारा पहिला' यात दोन शब्द गळलेत: पुरुष एकेरीत. फेब्रुवारी 2020 मध्ये सोलला फोर काँटिनेंट्स (युरोपबाहेरच्या खंडांची स्पर्धा) जिंकून त्याने ज्युनियर आणि सीनियरच्या मोठ्या विजेतेपदांचा संच पूर्ण केला. आधी तीनदा याच स्पर्धेत त्याला रौप्यावर थांबावं लागलं होतं. महिलांत कोरियाच्या युना किमचा संच 2010 च्या ऑलिम्पिक सुवर्णानेच पुरा झाला होता.

राहता राहिला 'निर्दोष'. सोचीत शॉर्टला 101.45, शंभरी ओलांडणारा पहिला स्केटर. फ्रीमध्ये मात्र पहिल्याच क्वाड सॅलकॉव्हवर तो पडला, पुढे ट्रिपल फ्लिपवरही. फ्रीचे गुण 178.64. पण कॅनडाचा पॅट्रिक चॅनही त्या रात्री चुकला आणि 178.10 वर अडकला. एकूण 280.09 विरुद्ध 275.62, फरक 4.47. त्यातले 3.93 शॉर्टमध्येच मिळाले होते. म्हणजे ते सुवर्ण फ्रीच्या रात्री नव्हे, आदल्या दिवशीच जवळपास हाती आलं होतं. प्याँगचांगला 317.85 होते आणि तेही उजव्या घोट्याच्या दुखापतीतून सावरताना. नोव्हेंबर 2017 मध्ये सरावात क्वाड लुत्झवर पडल्यानंतर तो थेट ऑलिम्पिकमध्येच उतरला होता.

बीजिंगला तो चौथा आला हे या मजकुरात लपवलेलं असतं. शॉर्टमध्ये त्याची कड बर्फातल्या एका खाचेत अडकली आणि क्वाड सॅलकॉव्ह एका गिरकीवरच संपला. शॉर्टमध्ये एकेरी सॅलकॉव्ह धरतच नाहीत, गुण शून्य. अख्खी क्वाड गेली तरी 95.15 आणि आठवा क्रमांक. जुलै 2022 मध्ये त्याने स्पर्धा सोडल्या. त्यानंतरच्या कार्यक्रमांत गुण दिले जात नाहीत, त्यामुळे तिथली कुठलीही उडी दाखवून नवा विक्रम झाल्याचं सांगणारा व्हिडिओ आला तर उघडायचीही गरज नाही.