आतलं ब्रेक पॅड पत्र्याला टेकायला आलंय, बाहेरचं निम्मं शिल्लक, आणि म्हणे 'नवीन सेट टाकूया की!'

एकाच चाकातली दोन पॅडं. आतल्यावर जेमतेम 2 मिमी माल, बाहेरच्यावर 7. आणि मेस्त्री मान वर न करता सांगतो, "जुनी झालीत ओ, नवीन सेट टाकूया की." टाकूया की! म्हणजे थोड्या दिवसांनी परत तेच. परत सेट, परत मजुरी, आणि त्या खेपेला डिस्कवर, म्हणजे पॅडं जिला दाबून चाक थांबवतात त्या लोखंडी तबकडीवर, खोल रेघा पडल्या म्हणून डिस्कचेही पैसे.

अरे बाबांनो, दोन्ही पॅडं एकाच दिवशी बसली, दोघांना दाबणारा पिस्टन एकच, मग एक खपलं आणि दुसरं राहिलं कसं? हे विचारायचं कुणी? जुनं पॅड हाच पुरावा असतो, आणि तोच सगळ्यात आधी भंगाराच्या डब्यात जातो. बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी-चिकोडी, तऱ्हा एकच. वाळवी लागलेल्या चौकटीला रंग मारून मोकळे.

पॅड वाचायला काही इंजिनिअरिंग लागत नाही. साध्या गाड्यांच्या पुढच्या चाकाला फ्लोटिंग कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅडं डिस्कवर आवळणारा सरकता चिमटा, असतो. पिस्टन आतल्या बाजूला. तो आतलं पॅड डिस्कवर ढकलतो आणि त्याच जोराच्या उलट धक्क्यानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचं पॅड ओढून आणतो. पाय काढला की पिस्टनभोवतीच्या चौकोनी सीलचा ताण सुटतो आणि पिस्टन केसभर मागे येतो. केसभरच! एवढ्याशा हालचालीवर सगळं चालतं, म्हणून जरासा गंजही पुरतो.

आता बघा. फक्त आतलं झिजलं, तर पिस्टन मागे येत नाही, नाहीतर पिना जाम होऊन एकटं आतलं पॅड राबतंय. फक्त बाहेरचं झिजलं, तर कॅलिपर सरकला पण परत मोकळा झाला नाही, म्हणजे पहिला संशय पिनांवरच. एकच पॅड वरून जाड, खालून पातळ, असं तिरकं झिजलं, तर एक पिन अडकलीय किंवा पॅडचा कान ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत गंजून बसलाय. एका चाकाची दोन्ही गेली आणि दुसऱ्या चाकाची ठणठणीत, तर पिस्टन नाहीतर होज पाइप, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी. नवं पॅड साधारण 10 ते 12 मिमी असतं, 3 मिमीवर आलं की बदलायचं. आतबाहेर एखाद्या मिलीमीटरचा फरक चालतो. 2-3 मिमी पडला की कॅलिपर उघडायचाच.

आणि "आवाज आला की घेऊन या" हा सल्ला तर डोक्यात जातो. पॅड संपत आलं की डिस्कला घासून चिरकणारी पत्र्याची पट्टी बऱ्याच गाड्यांत फक्त आतल्या पॅडला असते. बाहेरचं आधी संपलं तर ती कशाला ओरडेल? सरळ लोखंडावर लोखंड.

आपल्याकडची हवा तशीही पिनांच्या मुळावर उठलेली. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, खानापूरची लाल माती, त्यात गाडी आठवडाभर दारात भिजत उभी. पिनेवरच्या रबर बूटला बारीक चीर पडली की पाणी आत, पिनेवर गंज, खेळ खल्लास. त्यावर उपाय म्हणून काय करतात? बेअरिंगच्या डब्यातलं तेच ग्रीस बोटभर थापतात! पेट्रोलियमचं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही. रबर फुगतं आणि मोकळी करायला काढलेली पिन आणखी घट्ट बसते. सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकसाठीचंच सिंथेटिक ग्रीस घ्या, तेही पातळ हातानं. बऱ्याच कॅलिपरमध्ये दोन पिना वेगळ्या असतात, एकीच्या टोकाला रबर असतं. वरची खाली, खालची वर करू नका.

ज्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिकचं काम कोळून प्यालेली माणसं आहेत, त्याच गावात पिस्टन स्क्रूड्रायव्हरनं ढोसून मागे घालतात, याला काय म्हणावं? पिस्टनवरचा रबरी धूळबूट फाटतो आणि पुढच्या पावसाळ्यात पिस्टन जाम. सी-क्लॅम्प लावा, मध्ये जुनं पॅड धरा, सावकाश दाबा. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेनं बांधा. आतून होजचे पदर सुटले तर बाहेरून काही दिसत नाही.

चाक घासतंय का, याची तपासणी तर कुणी करतच नाही. जॅक लावा, खाली स्टँड द्या, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हातानं फिरवा. जड फिरतंय? कॅलिपरवरचं ऑइल सोडायचं ब्लीडर निप्पल उघडा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलेला होता. निप्पल बंद करून परत दाबा आणि या खेपेला होजच्या मास्टर सिलिंडरकडच्या (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा तो) टोकाचा जोड ढिला करा. तरीही चाक जडच, तर होज बंद झालीय. मोकळं झालं, तर मास्टर सिलिंडर बघा. आणि निप्पल उघडूनही काही फरक पडला नाही, तर पिस्टन किंवा पिना. एवढं बघायला किती वेळ लागतो ओ?

ब्रॅकेटच्या खाचा वायर ब्रशनं घासा, पत्र्याच्या क्लिपा नव्या घाला. पॅड हातानं सरकलं पाहिजे. हातोडीनं ठोकून बसवलेलं पॅड परत कसं येणार? डिस्क लेथवर फिरवायला पाठवण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा. ब्रेक ऑइल 2 वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं असताना डॉट 4 प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, पाणी मुरल्यावर 155 पर्यंत खाली. चोर्ला घाटाच्या उतारावर पाय ब्रेकवरच ठेवून ऑइल तापवत उतरणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. तेच पाणी पिस्टनलाही गंजवतं.

आणि मालकलोकहो, तुम्हीही कमी नाही. "स्वस्तातलं टाका, लवकर द्या" म्हणायचं आणि टपरीवर चहाला जायचं. तिथंच उभे राहा. पुढची चारही पॅडं मागून घ्या, मार्करनं डावं-उजवं, आत-बाहेर लिहा आणि मगच बिल द्या. चावी घेतल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला ब्रेक थेट तळाला जातो, आणि गॅरेजच्या फाटकाबाहेर उसाची ट्रॉली उभीच असते.