बहात्तरचा दुष्काळ काढणाऱ्यांनाही भीती वाटली होती

व्हॉट्सॲपवर एक मजकूर सारखा फिरतोय. म्हणे, हवामानबदलाची धास्ती हे श्रीमंत देशांतल्या पोरांचं खूळ. आम्ही १९७२ चा दुष्काळ काढला, कुणाला ‘अँझायटी’ झाली नाही. मोबाईल बाजूला ठेवा, आपोआप बरं वाटेल.

श्रीमंतांचं खूळ? ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी आली. ५९ टक्के फार काळजीत होते. रोजच्या जगण्यावर त्याचा परिणाम होतो म्हणणारे भारत आणि फिलिपिन्समध्ये अमेरिका-ब्रिटनपेक्षा कितीतरी जास्त निघाले. पाहणी ऑनलाइन होती, शेतमजुरांची पोरं तिच्यात फारशी नसावीत, हे मान्य. पण ज्यांच्यावर संकट जास्त कोसळतं त्यांना भीती कमी वाटेल, असं कसं म्हणायचं?

आता बहात्तर. त्या पिढीने दुष्काळी कामांवर खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीवर पोरं जगवली. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर हा मजकूर खपवलेला सहन होत नाही. कित्येक घरांत आजी अजून ताटात भाकरीचा तुकडा टाकू देत नाही. ती भीतीच आहे, फक्त तिला कुणी नाव दिलं नाही. आणि ती माणसं गप्प सोसत बसली नव्हती. त्यांनी मोर्चे काढले, काम मागितलं. त्या दुष्काळातच रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. म्हणजे मागितलं आणि सरकारने ऐकलं. आजच्या पोरांना नेमकं हेच दिसत नाही. त्याच पाहणीत आढळलं की सरकारने आपल्याला वाऱ्यावर सोडलं असं ज्यांना वाटतं, त्यांची धास्तीही जास्त. त्यात घरच्यांनीही खूळ म्हणून उडवून लावलं, तर पोरांनी बोलायचं कुणाशी?

मोबाईलचं थोडं खरं आहे. रात्री दोनपर्यंत पुराचे व्हिडिओ पाहिले तर झोप उडणारच. पण लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. तिथल्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. चिपळुणातल्या वाशिष्ठी नदीकाठच्या पोरीने जुलैत मोबाईल बंद केला, तर पाणी किती चढलं हे तिला कळणार कसं?

खऱ्या धोक्याची भीती वाटणं हा आजार नव्हे. मात्र झोप, जेवण, अभ्यास सुटायला लागला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि पोरगं तयार नसेल तर आईबापांनी फोन केला तरी चालतो.