बोटीवरचा मार्च एंड

मी ३४ वर्षं एका जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात काढली, त्यामुळे "सदर निधी विहित मुदतीत खर्च न झाल्यास व्यपगत होईल" हे वाक्य मी झोपेतही टाईप करू शकतो. पण रिटायर झाल्यावर अलास्काच्या बोटीवर पायजम्यात बसून हेच वाक्य इंग्रजीत वाचावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

झालं असं की आम्ही दोघं मुलाकडे सिॲटलला गेलेलो, आणि आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याने आम्हाला सात दिवसांची क्रूझ गिफ्ट दिली. तो स्वतः येणार नव्हता, सुट्टी नाही म्हणे. पिअर ९१ वर सोडायला आला तेव्हा डिकीतून बॅगा काढता काढता म्हणाला, "बाबा, तुमच्या केबिनला २०० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट आहे, म्हणजे बोटीवरच खर्चायचे पैसे, बुकिंगबरोबर फ्री मिळालंय, मस्त उडवा. फक्त नॉन रिफंडेबल आहे हां, उरलं तर गेलं." एवढं बोलून हा निघून गेला आणि इथे माझ्या डोक्यात रजिस्टर उघडलं. उपलब्ध निधी अंदाजे १७,००० रुपये, मुदत सात दिवस.

आता २०० डॉलर उडवायला काय अक्कल लागते असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बोटीवर नाश्ता फुकट, दोन्ही वेळचं जेवण फुकट, मधल्या वेळी भूक नसताना पिझ्झा फुकट, रात्रीचा नाचगाण्याचा शो फुकट, आणि जे फुकट नाही ते आमच्या कामाचं नाही. दारू मी पीत नाही, म्हणजे हिच्यासमोर पीत नाही, आणि बोटीवर ही सतत समोर.

पहिल्याच दिवशी म्हटलं टिपा यातून भागवू. माणशी दिवसाला सोळा-सतरा डॉलर टिप आपोआप लागते, दोघांची सात दिवसांची धरली की निधी एका फटक्यात साफ. काउंटरवर अर्धा तास रांगेत उभा राहिलो, तिथली मुलगी गोड हसून म्हणाली टिपा बुकिंगलाच भरल्यात. वायफाय? तेही भरलंय. जूनोला देवमासे बघायची ट्रिप? ती चिरंजीवांनी बाहेरच्या एजंटकडून स्वस्तात आधीच बुक केलेली. थोडक्यात शहाणपणाचे सगळे खर्च मुलाने करून टाकलेले आणि आमच्यासाठी मूर्खपणाचं तेवढं लेखाशीर्ष शिल्लक ठेवलेलं. कॅसिनोत चालेल का असंही विचारलं, नुसतं माहितीसाठी, तर म्हणाली चालत नाही. ही मागेच उभी होती हे मला नंतर कळलं.

मग स्पा. मसाजचा दर वाचूनच अंग मोकळं झालं, वर १८ टक्के सर्व्हिस चार्ज, परत आलो. मग "चाय टी लाते". नावातच चहा दोनदा आहे म्हटल्यावर निदान एकदा तरी लागेल या आशेने दोन मागवले, तर तो निघाला दालचिनीचा गोड काढा. सर्व्हिस चार्ज धरून १२ डॉलर ९८ सेंट. हिने लगेच गुणाकार केला, "अहो, ११०० रुपयांचा चहा प्यायलो आपण." त्यानंतर प्रत्येक सकाळी बुफेतला फुकटचा डिपडिप चहा पिताना ही म्हणायची, आज ११०० वाचले. या हिशोबाने आमचं क्रेडिट कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं होतं.

स्कॅगवेला मात्र मला मजा आली. गाईड सांगत होता की १८९७-९८ च्या गोल्ड रशमध्ये हजारो लोक इथून डोंगर चढून क्लोंडाइककडे सोनं शोधायला गेले, आणि सरहद्दीवर कॅनडाच्या पोलिसांची अट अशी की वर्षभराचा शिधा-सामान बरोबर असेल तरच आत सोडू, म्हणजे जवळजवळ टनभर वजन, ते बिचारे बर्फातून परत परत खेपा घालून पाठीवरून वर न्यायचे. ही म्हणाली, "आणि सोनं?" बहुतेकांना काहीच मिळालं नाही. ही चुकचुकली. आणि त्याच संध्याकाळी बोटीवरच्या दुकानात बोर्ड, गोल्ड बाय द इंच! चेनची रिळं मांडून ठेवलेली, हवी तेवढी मोजून कापून देणार. हिने चष्मा लावला. "इंचावर तर मी परकराची लेस घेते. वजन किती? कॅरेट किती?" तो पोरगा बिचारा म्हणतोय मॅडम इट्स लेयर्ड. "म्हणजे वरून पॉलिश. अहो, हे एक ग्रॅमवालं तर तुळशीबागेत मिळतं की." मी घाईघाईने तिथनंच २० डॉलरला दोन टीशर्ट घेतले, कारण सोन्यापेक्षा तेच बरे, आणि मोकळ्या हाताने बाहेर पडायची लाज वाटत होती.

बिंगोत ३५ गेले. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी हाऊजीचे नंबर पुकारतो त्यामुळे कॉन्फिडन्स जबरदस्त, पण आपली हाऊजी ९० आकड्यांची आणि यांचं बिंगो ७५ चं, चौकोनही पाच बाय पाच, मी टॉप लाईन झाली म्हणून ओरडायला तोंड उघडलं होतं, शेजारच्या आजीबाईंनी दंडाला धरून खाली बसवलं.

पण सगळ्या प्रवासात एक खर्च असा झाला की माझ्यातल्या हिशोबनीसाने उठून सलाम केला. लॉन्ड्री. कपाटात एक कागदी पिशवी, तीत मावतील तेवढे कपडे धुऊन घडी करून मिळणार, ३० डॉलर फिक्स. मावतील तेवढे! हिने पलंगावर मांडी घातली, आधी माझ्या बनियनच्या विड्या वळल्या, त्या तळाला उभ्या लावल्या, मधल्या फटींत मोजे दाबले, त्यावर थर्मल, त्यावर हिचे तीन पंजाबी ड्रेस, आणि मग मला म्हणाली, "जरा गुडघा ठेवा." मी गुडघा ठेवला. पिशवी फाटायच्या बेताला आली तेव्हा तिने तोंडाशी राहिलेल्या दोन बोटं जागेत दोन रुमाल सरकवले. न्यायला आलेल्या केबिनवाल्या पोराने पिशवी एका हाताने उचलायला घेतली आणि मग दुसरा हातही लावला. दुसऱ्या दिवशी कपडे आले ते कागदी पट्टीत बांधून, माझ्या भोकं पडलेल्या बनियनला इतकी सुंदर घडी की मला ते अंगात घालायचं धाडस होईना.

तर शेवटच्या दिवशी शिल्लक १०२ डॉलर २ सेंट. मी शांत होतो. निधी मार्च एंडलाच खर्ची पडतो, संध्याकाळी दुकानात जाऊन एकरकमी काहीतरी उचलू असं ठरवलं आणि दुपारी ताणून दिली. हीच चूक. कारण १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा आहे, परदेशी जहाजाने अमेरिकेच्या बंदरातून माणसं घेऊन परत तिथंच आणून सोडायची तर मधे एखादं परदेशी बंदर करावंच लागतं, म्हणून आमची बोट शेवटच्या रात्री कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकते. सहीपुरतं हजर राहून निघून जायचं, मला तर हे फारच ओळखीचं वाटलं. पण तेवढ्यासाठी आम्ही पुण्यातून कॅनडाचा व्हिसा काढलेला, माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५ वेगळे. ही म्हणाली, "क्रेडिट फुकटचं आहे, व्हिसा आपल्या पैशाचा आहे. आधी व्हिसा वसूल करायचा." याला उत्तर नव्हतं. बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवल्या, उतरलो, दिव्यांनी लखलखणारं तिथलं विधान भवन बघितलं, फोटो काढला, ही म्हणाली झाला कॅनडा, आणि परत आलो.

दुकानाला कुलूप. बोट बंदराला लागलेली असली की ड्युटीच्या भानगडीमुळे दुकानं बंद ठेवतात. सात दिवस हे समोर दिसत होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. ३१ मार्चला रात्री कोषागाराच्या बंद खिडकीसमोर बिलं छातीशी धरून उभी असलेली माणसं मी आयुष्यभर बघितली, हसलोही असेन. आता मी तसाच उभा, हातात केबिनचं कार्ड.

फोटोवाल्यांचं मात्र चालू होतं. केचिकनला पावसात बोटीतून उतरताना अस्वलाचा ड्रेस घातलेला एक माणूस जबरदस्तीने मधे घुसून फोटो काढून गेला होता, त्यात ही चिडलेली, माझे डोळे मिटलेले, अस्वल तेवढं प्रसन्न. २५ डॉलर. दुसरा जेवणाच्या टेबलावरचा, तोंडात घास. तोही २५. उरले ५२ डॉलर २ सेंट. बारवाला म्हणाला, पाण्याच्या १२ बाटल्यांचा खोका आहे, साडेतेवीस डॉलर. मी म्हटलं दोन द्या. आमच्याकडे एका वर्षी अशाच घाईत चाळीस खुर्च्या आलेल्या, हॉल वीस माणसांचा होता, त्या फाईलवर मीच तिरकस शेरा मारलेला.

बॅगा तर रात्रीच गेलेल्या, त्यामुळे सकाळी २४ बाटल्या हातात. आम्ही तो उतार कसे उतरलो ते विचारू नका, मला ते क्लोंडाइकवाले सारखे आठवत होते. मुलाने डिकी उघडली, खोक्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. सिॲटलच्या नळाला सीडर नदीचं पाणी येतं, पहिल्याच दिवशी त्यानेच अभिमानाने सांगितलेलं, नळाचंच प्या म्हणून.

काही बोलला नाही. गाडी हायवेला लागली तेवढ्यात त्याचा फोन वाजला, त्याने सिग्नलवर बघितलं. "बाबा, माझ्या कार्डावर ३ डॉलर ४४ सेंट कसले लागलेत?"

पाण्यावरचा १८ टक्के सर्व्हिस चार्ज मी धरलाच नव्हता.

"जादा खर्च झालाय," मी मागच्या सीटवरून म्हटलं, "कार्योत्तर मंजुरी दे."