पाइप दुरुस्त करणाऱ्या बापाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘अंडर द वेव्ह्ज’ या व्हिडिओ गेमवर मी मागे लिहिलं होतं. मुलगी गेलेला स्टॅन नावाचा डायव्हर उत्तर समुद्राच्या तळाशी एका तेल कंपनीसाठी एकटाच काम करतो, त्याची ही गोष्ट. त्याखाली ‘निनावी’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. मी ती काढलेली नाही. ज्यांना तेवढं खाली जायचं नसेल त्यांच्यासाठी सार असं: गेम भयंकर संथ आहे, निम्मा वेळ नुसतं पोहायचं आणि समुद्रातला कचरा वेचायचा. पाणबुडी खडकात अडकते. तेल कंपनी खलनायक निघणार हे पहिल्या तासातच कळतं. एवढ्या खोलीवर एकट्या माणसाला कोणी ठेवत नाही. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: “मुलगी गेलेला बाप पाइप दुरुस्त करत बसतो, हे कोणाच्या बापाला पटेल? तुम्ही रडायला बसलात म्हणून गेम चांगला होत नाही, भाऊ. बर्डीच्या बाहेर निघा जरा.”

आधी सुराबद्दल बोलू. ‘रटाळ वाटला’ एवढंच लिहिलं असतं तर ‘असेल बुवा’ म्हणून मी पुढे गेलो असतो. कोणाला काय रटाळ वाटावं हे मी ठरवणारा कोण? पण स्वतःचं नाव लिहायचं नाही आणि दुसऱ्याच्या घरी येऊन बाप काढायचा, ही कुठली रीत? मी नागपूरच्या बर्डीत राहतो याचा उत्तर समुद्रातल्या गेमशी काय संबंध, तेही कळलं नाही. राहिला पाण्याचा प्रश्न. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा इथल्या मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. बर्डीवाल्याला पाणी शिकवायला जाऊ नका.

तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे, तो मोकळेपणानं देऊन टाकतो. खरे डायव्हर असे एकटे नसतात. तेलविहिरींवर काम करणारे सॅच्युरेशन डायव्हर, म्हणजे दिवसेंदिवस खोल पाण्याएवढ्या दाबातच राहणारे डायव्हर, जहाजावरच्या दाबाच्या चेंबरमध्ये अनेक जण मिळून राहतात, जास्तीत जास्त २८ दिवस. कामावर उतरतात ते ‘बेल’मधून, म्हणजे खाली सोडायच्या बंद कोठीतून, दोघं-तिघं मिळून, आणि एक जण बेलमध्येच थांबतो. श्वासात हेलियम असल्यामुळे त्यांचा आवाज बदकासारखा चिरका होतो आणि वरच्यांना कळावं म्हणून तो यंत्रातून सरळ करून घ्यावा लागतो. गेममधला स्टॅन तळाशी एकटाच राहतो आणि छान घोगऱ्या आवाजात बोलतो. पण गेमनं सत्तरच्या दशकाचा उत्तर समुद्र घेतला आहे तो कल्पनेतल्या तंत्रज्ञानासकट, हे त्यांनी लपवलेलंच नाही. तेव्हा हा मुद्दा तुमचा, घ्या.

आता त्या बापाकडे येऊ.

कोणाच्या बापाला पटेल, असं विचारलंत. माझ्या बापाला पटलं असतं.

बाबा सावनेरकडच्या एका कोळसा खदानीत पंप खलाशी होते. भूमिगत खदानीत पाणी सतत झिरपत असतं. ते खालच्या सम्पात, म्हणजे खड्ड्यात, गोळा करून पंपानं वर फेकावं लागतं. पंप बंद पडला तर गॅलरी, म्हणजे खदानीतला बोगदा, बुडायला लागते. कोळसा काढायला टोळी असते, पण बाबांच्या पंपावर माणूस एकच असायचा. आठ तास अंधार, मोटरचा आवाज आणि टोपीवरच्या दिव्याचा पडेल तेवढा उजेड. त्या दिव्याची बॅटरी कमरेला लावायची. तिच्यातलं ॲसिड पाझरायचं, म्हणून बाबांच्या प्रत्येक शर्टाला उजव्या बाजूला, पट्ट्याच्या थोडं वर, भोकं असायची. आई आतून ठिगळ लावायची, काही दिवसांत ठिगळालाही भोक.

माझी धाकटी बहीण काविळीनं गेली तेव्हा मी शाळेत होतो. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी बाबा ड्यूटीवर. हाजरीबाबूला सांगून रात्रपाळी मागून घेतली, आणि मग मागतच राहिले. दिवसा घरी असले की कॉलनीतले नळ. कोणाकडे नळ गळतो म्हटलं की पाना, वायसर आणि सुताची गुंडी घेऊन निघाले. पुढे पुढे तर न बोलावता जायचे आणि न गळणाऱ्या नळाचाही वायसर बदलून यायचे. नळ उघडायचा, बंद करायचा, खाली बोट धरायचं, बोट कोरडं राहिलं की पुन्हा एकदा उघडून बघायचं. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “भाऊजींना काहीच कसं वाटत नाही हो?” त्या काकूंच्या जागी आज तुम्ही आहात. फरक एवढाच की काकूंनी हे हळू आवाजात विचारलं होतं.

आमच्या घरात त्या विषयावर बाबांनी कधी एक वाक्य बोललेलं मला आठवत नाही. ते रडले असतील तर पंपावर. ते मला माहीत असायचं कारण नाही आणि तुम्हाला तर मुळीच नाही.

म्हणून स्टॅन सकाळी उठतो, आजची कामं बघतो, छोट्या पाणबुडीत बसून निघतो, कुठला पाइप, कुठलं यंत्र बघून येतो, परत आला की गिटार घेऊन बसतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, हे बघताना मला ते रचलेलं वाटलं नाही. बायको जमिनीवर, हा तळाशी. मुलीबद्दल बोलायचं तर वर जावं लागेल, आणि काम असेपर्यंत वर न जाण्याला निमित्त आहे. तुम्ही म्हणता कामं क्षुल्लक आहेत. क्षुल्लकच असायला हवीत! मोठं काम संपतं, मग माणूस काय करणार? प्लास्टिक वेचण्याचं काम संपत नाही. तुम्हाला त्या बापानं काय करायला हवं होतं? छाती बडवून घ्यायची, पावसात गुडघ्यावर बसून आभाळाकडे ओरडायचं? तसं पडद्यावर ढीगभर मिळतं, ते बघा, कोणी अडवलंय?

संथपणाबद्दलही हेच. खोलवर राहिलेल्या डायव्हरला वर घेताना साधारण १०० फुटांमागे एक दिवस आणि वर आणखी एक असा हिशेब धरतात. म्हणजे ६०० फुटांवरच्या माणसाला बाहेर यायला आठवडा लागतो. घाई केली तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात, आणि माणूस पांगळा होतो किंवा मरतो. चेंबरचं दार समोरच असतं, घरचा माणूसही पलीकडे उभा असेल, पण उघडता येत नाही. या पेशावरचा गेम धावतपळत करायचा होता का? तुम्हाला पोहणं लांबलं याचा त्रास झाला. मला ते आणखी लांबलं असतं तरी चाललं असतं. आता म्हणा मला रडका.

कंपनी खलनायक निघते, हे घिसंपिटं आहे म्हणता. युनिट्रेंच ही गेममधली कंपनी काल्पनिक आहे. पण उत्तर समुद्रातल्या खऱ्या डायव्हरांनी नॉर्वेविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली होती. डायव्हरला किती वेगानं वर घ्यायचं याची कोष्टकं कंपन्या धंद्याचं गुपित म्हणून जवळ ठेवत होत्या. त्यातला धोका डायव्हरांपर्यंत पोहोचेल हे सरकारनं पाहिलं नाही, असं न्यायालयानं २०१३ साली म्हटलं. घिसंपिटं असेल, खोटं नाही. गेम बनवणाऱ्या पॅरलल स्टुडिओच्या फ्रेंच मंडळींनी हे वाचलं होतं की नाही, देव जाणे.

पाणबुडी खडकात अडकते, बरं. तो गेम २९ ऑगस्ट २०२३ ला आला, तुम्ही कधी आणि कशावर खेळलात ते लिहिलंच नाही, त्यामुळे त्यावर बोलायला माझ्याकडे काही नाही. नकाशा, किंमत, तीच तीच कामं, यावर दुसरं कोणीतरी लिहील. मी गेमचं यंत्र तपासायला बसलो नव्हतो आणि तसं त्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचला असता तर ही प्रतिक्रिया अर्धी झाली असती.

पुढचं काही लिहायचं असेल तर खुशाल लिहा, छापीन. फक्त नावानिशी लिहा. आणि राजेहो, वडिलांना मधे आणायचं तर आधी तुमच्या आणा.