तोंडावरचे बोट काढल्यानंतर

वर्गात मुलांनी किती बोलावे, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंत तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून पोहोचतो. हल्लीची मुले उलट उत्तरे देतात, 'हाताची घडी, तोंडावर बोट' होते तेच बरे होते, असे एका बाजूचे म्हणणे असते. दुसरी बाजू राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा हवाला देते आणि मुलांना मोकळेपणाने बोलू द्या म्हणते. माझी तक्रार दोघांबद्दलही आहे, कारण वाद चालतो तो फक्त बोलण्याचा. ऐकणे मुलांना आपोआप येते, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते.

इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात, इतरांची मते विचारात घेऊन त्यांच्या मांडणीत भर घालता येणे ही प्राथमिक वर्गांची एक बंधनकारक अपेक्षा आहे. केंब्रिज विद्यापीठातले शिक्षण-संशोधक नील मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर गटचर्चेचे नियम मुलांशी बोलून, त्यांच्या संमतीने ठरवण्याची पद्धत रुजवली. मी वाचनाच्या तासाला मदतीसाठी जाते त्या शाळेत आठ-नऊ वर्षांची मुले तिघातिघांच्या गटात बसून, मधल्या सुट्टीत मैदानावर चेंडू आणू द्यावा का, यावर बोलत होती. आपले मत मांडण्याआधी आधीच्या मुलाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगायचे आणि त्याने 'बरोबर' म्हटल्यावरच पुढे जायचे, असा त्यांचा नियम होता. एका मुलीला समोरचा मुलगा "नाही, मी असं नव्हतो म्हणालो" असे पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ती चिडली, जरा गप्प बसली आणि मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मग तू नक्की काय म्हणालास?" बाई शेजारीच उभ्या होत्या, पण मध्ये पडल्या नाहीत.

हे मध्ये न पडणे वाटते तितके सोपे नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला १९७० च्या सुमारास असे आढळले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.

इथले सगळेच अनुकरणीय आहे, असे मात्र नाही. 'तुझ्या मताचा मला आदर आहे, पण' हे वाक्य काही मुले इतके घोटून पाठ करतात की त्यानंतर समोरच्याचे मत विचारात घेण्याची गरजच त्यांना उरत नाही. घरी दुसरी भाषा बोलणारी मुले शब्द जुळवत असतानाच चर्चा पुढे सरकून जाते.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांची परंपरा मोठी आहे आणि तिने अनेकांना सभाधीटपणा दिला, हे मी मनापासून मानते. तरीही पाठ केलेले भाषण घंटा होण्याआधी संपवणाऱ्या स्पर्धकाला आधीचा स्पर्धक काय बोलला, याच्याशी काही देणेघेणे नसते. (दूरचित्रवाणीवरच्या रात्रीच्या चर्चा पाहिल्या की ही सवय कुठवर जाते, ते कळते.) याच्या मुळाशी आपली आदराची कल्पना आहे. थोरांचे ऐकावे, हे प्रत्येक घरात शिकवले जाते. बरोबरीच्या मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, हे सहसा कोणी शिकवत नाही.

मोठ्या वर्गांची अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले असले, तरी शहरांतल्या पुष्कळ वर्गांत मुले दाटीवाटीनेच बसतात. मात्र शेजाऱ्याचे म्हणणे त्याला पटेल असे सांगून दाखवायला एका बाकावरची दोन मुले पुरतात. स्पर्धाही बंद करायला नकोत. आधीच्या वक्त्याचा एखादा मुद्दा नेमका सांगून त्याला उत्तर देण्यासाठी निम्मे गुण राखून ठेवले, तर घोटून घेतलेली भाषणे पुढच्याच वर्षी निकामी ठरतील.