रात्री अंधार नसेल ना?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पवना धरणाच्या काठावरच्या 'फॅमिली कॅम्पिंग'चं पोस्टर टाकलं. डीजे, कराओके, अनलिमिटेड बार्बेक्यू. खाली एका ताईंचा प्रश्न: "रात्री अंधार नसेल ना? मुलं घाबरतात." लगेच उत्तर: "काळजी नको मॅडम, रात्रभर हॅलोजन चालू असतात."

माझं डोकंच फिरलं. अहो, मग जाता कशाला? हॅलोजन, स्पीकर आणि पनीर टिक्का आपल्या क्लब हाउसमध्येही मिळतं, वर टोल वाचतो. समोर तुंग, तिकोना हे किल्ले उभे, आणि आपली पोरं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून वरातीतली गाणी ऐकणार!

गेल्या फेब्रुवारीत आम्ही भंडारदऱ्याजवळ गेलो होतो. दादा-वहिनी, भाची, आई आणि मी. ओळखीच्या एका घरामागच्या शेतात तंबू ठोकले. आईची कुरकुर पुण्यापासूनच सुरू, "घर असताना रानात कशाला झोपायचं?" जिचं अख्खं लहानपण अंगणात वाकळ टाकून झोपण्यात गेलं, ती बाई! भाचीला तर घरीसुद्धा पॅसेजमधला दिवा रात्रभर लागतो. जेवणं झाली, त्या घरच्या काकांनी ओसरीवरचा बल्ब मालवला आणि पोरगी मला चिकटली. बॅटरी थेट माझ्या डोळ्यांवर. तेवढ्यात बांधाकडून चक-चक-चक असा आवाज. "आत्या, कोण आहे तिकडे?" मी काय सांगणार, माझीच तंतरलेली. ओसरीवरून काका म्हणाले, "रातवा हाय. पाखरू हाय त्ये. झोपा."

पाखरू म्हटल्यावर ती तंबूतून डोकं बाहेर काढून ऐकत बसली. हॅलोजन आणि डीजे असता, तर तो रातवा कुणाच्या कानावर पडला असता?

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. २००० सालापासूनचा नियम. पण पाण्याच्या काठाशी गेलं की आपल्या लोकांना नियम लागू होत नाहीत बहुतेक. जूनच्या तोंडावर याच भंडारदऱ्याला काजवे बघायला झुंबड उडते, तिथेही तेच. स्वतःच्या लुकलुकत्या उजेडावर काजव्यांची जोडी जमते, आणि आपण त्यांच्यावर गाडीचे हेडलाइट मारून रील काढतो. लाज वाटते हो.

पवनेच्या लोकांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांना या धंद्यातून चार पैसे मिळतात, हे मान्य. पण त्याला डीजेच लागतो का? आमच्या काकूंनी चुलीवरच्या नागलीच्या भाकरी आणि पिठलं वाढलं, त्याचे पैसे आम्ही आनंदाने दिले.

साप-विंचू असतात, तेही खरं. तंबूची चेन लावा, सकाळी बूट झटकून घाला, बॅटरी उशाशी ठेवा. झालं.

पहिल्यांदाच जाणार असाल तर सांगते, अंगावर रजया वाढवण्यापेक्षा खालचं अंथरूण जाड घ्या, थंडी जमिनीतून चढते. पहाटे तंबूला आतून पाणी सुटलं तेव्हा वहिनी घाबरली, म्हणे गळतोय. गळत नसतो हो, आपलाच श्वास गार कापडावर जमतो. जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवायची.

आणि आई? सगळ्यांत उशिरापर्यंत तीच बाहेर बसली होती. भाचीला सप्तर्षी दाखवत होती, "ही म्हातारीची बाज, आणि हे मागचे तीन चोर." मी तिची एवढी वर्षांची लेक, मला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती तिने. मी विचारलं तर म्हणाली, "पुण्यात कुठे दिसतात गं चोर?" भाचीने त्या नादात बॅटरी कुठे टाकली, ते सकाळीच कळलं. काकांच्या गोठ्यात सापडली.

ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही, उगाच भांडण नको. इथे लिहितेय, कारण इथे आपलीच माणसं आहेत. जुन्नर-अकोले भागात अशी शांत जागा कुणाला ठाऊक असेल तर कमेंटमध्ये सांगा. आईची अट एकच, संडास स्वच्छ आणि जवळ हवा, आणि त्याबाबतीत मी पूर्णपणे आईच्या बाजूने आहे. डीजेवाल्यांनी कृपया इनबॉक्समध्ये येऊ नये.